किंग टट्सच्या जिन्यावरची गर्दी

ग्लासगोत पन्नाशी ओलांडलेला कुठलाही गाणंवेडा माणूस गप्पांत रंगला, की फार तर अर्ध्या तासात किंग टट्सवर येतो. सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरची ही जागा छोटीशीच: खाली बार, जिना चढून गेलं की हॉल. ३१ मे १९९३ च्या रात्री इथे मँचेस्टरची काही पोरं वाजवून गेली. मुख्य बँड होता एटीन व्हीलर. या पोरांचं नाव कार्यक्रमात नव्हतंच. मँचेस्टरमधल्या दुसऱ्या एका बँडच्या ओळखीवर ती घुसली होती. नेमका क्रिएशन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा ॲलन मॅगी त्या रात्री तिथे होता, आणि त्याने त्यांना तिथल्या तिथे करार देऊ केला. बँडचं नाव ओएसिस. तीन वर्षांनी इंग्लंडमधल्या नेबवर्थला दोन रात्रींत त्यांना ऐकायला अडीच लाख लोक आले.

किंग टट्सच्या हॉलमध्ये माणसं मावतात तीनशे. रात्र सोमवारची, बँड अनोळखी. खरोखर ऐकणारे किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. ‘मी होतो तिथे’ म्हणणारे मला आजवर भेटलेले सगळे साक्षीदार खरे असते, तर तो जिना त्याच रात्री खचला असता. तिथे वाजवून गेलेल्यांची नावं जिन्याच्या पायऱ्यांवर वर्षवार रंगवली आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वर जाणारा प्रत्येक जण १९९३ च्या पायरीशी थबकत होता आणि आम्ही मागे खोळंबलो होतो.

मँचेस्टरवाल्यांचंही हेच. ४ जून १९७६ ला लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवत होता तेव्हा समोर चाळीसेक माणसं होती म्हणतात, आणि ‘मी होतो’ म्हणणारे हजारोंनी आहेत. त्यातला पीटर हूक तरी खरा. दुसऱ्या दिवशी त्याने बेस गिटार विकत घेतली आणि पुढे जॉय डिव्हिजन या बँडमध्ये वाजवली.

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसात हाच विषय निघाला. एकाने सांगितलं, त्याचे वडील १९९३ ला किंग टट्समध्ये होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. वारसाहक्काने साक्षीदार! मग मी म्हटलं, २०१८ च्या मार्चमध्ये बॅरोलँडला वन डिरेक्शनवाल्या नायल होरनच्या आधी इथलाच, स्कॉटिश लुईस कपाल्डी गायला, ते मी ऐकलंय. क्षणभर सगळे गप्प. मग एक बाई अगदी प्रेमाने म्हणाली, “अगं, तू इकडचं म्युझिक ऐकतेस?”

त्याच्या वडिलांना कुणी पुरावा मागितला नाही. मी मात्र फोनमधून तिकिटाचं ईमेल शोधून काढलं आणि टेबलभर फिरवलं. नवऱ्याच्या मते तेवढं करायची गरज नव्हती. होती.

मी गेले होते ती खरं तर मैत्रिणीच्या मुलीसाठी. ती नायलवेडी, आणि लहान वयाच्या मुलांबरोबर कुणीतरी मोठं माणूस लागतं. मैत्रिणीची शिफ्ट होती, म्हणून मी. बॅरोलँड म्हणजे गॅलोगेटवरचा जुना बॉलरूम, दर्शनी भागावर भलीमोठी निऑनची पाटी, खुर्च्या नाहीत, आणि लाकडी जमीन नाचण्यासाठीच बांधलेली, त्यामुळे गर्दी उड्या मारायला लागली की आपण न मारताही वरखाली होतो. कपाल्डी तेव्हा अगदीच अनोळखी नव्हता, त्याचं ‘ब्रुझेस’ हे गाणं येऊन वर्ष होत आलं होतं. पण आलेल्या बहुतेक मुली नायलसाठी जीव टाकत होत्या. त्याला ‘समवन यू लव्ह्ड’ मिळायला अजून आठ महिने होते. पुढे ते गाणं इथे सात आठवडे पहिल्या नंबरवर बसलं आणि अमेरिकेतही पहिलं आलं. त्या संध्याकाळी दोन गाण्यांच्या मध्ये तो जे बोलत होता त्यातलं निम्मं, इतकी वर्षं इथे काढूनही, माझ्या डोक्यावरून गेलं. आवाज मात्र लागला की मागच्या भिंतीपर्यंत जात होता.

हे सगळं मी का सांगतेय? १९९३ साली मी शाळेत होते, जगाच्या दुसऱ्या टोकाला. ती रात्र मला कुठल्याही व्हिसावर मिळणार नाही. मिळाल्या तर पुढच्या मिळतील, आणि त्यासाठी एकच करावं लागतं: दार उघडायच्या वेळेला हजर राहणं.

ते इथे सोपं आहे, कारण इथली वेळ म्हणजे वेळ. दार सात, सपोर्ट बँड (म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा) आठ, मुख्य बँड नऊ, अकराच्या आत सगळं आवरायचं. अशा वेळा कागदावर छापून दारात चिकटवतात आणि कार्यक्रम त्या कागदाबरहुकूम चालतो. मला याचं भारी कौतुक आहे. सपोर्टला साधारण अर्धा तास, त्यापुढे पाच मिनिटंही चालत नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेत रास्कल फ्लॅट्स या बँडच्या दौऱ्यावर त्यांच्या आधी गाणारा एरिक चर्च ठरल्यापेक्षा लांबवत राहिला म्हणून त्याला काढलं आणि त्याच्या जागी एक सोळा वर्षांची मुलगी आणली. तिचं नाव टेलर स्विफ्ट. वेळ पाळण्याचं याहून मोठं बक्षीस मला माहीत नाही.

लवकर गेलं की आणखीही दिसतं. सपोर्ट बँडची नवी पोरं स्टेजच्या पुढच्या अरुंद पट्टीत अंग चोरून उभी असतात, कारण मागे मुख्य बँडचा ड्रमसेट काळ्या कापडाखाली झाकून ठेवलेला असतो आणि तो हलवायचा नसतो. साउंडचेकही मुख्य बँडचा आधी होतो. उरलेली दहा मिनिटं यांची, तीही उरली तर. म्हणून पहिल्या गाण्यात गायकाचा आवाज हमखास बुडतो, आणि त्याच गाण्यावर लोक मत बनवून बारकडे वळतात. तिसऱ्या गाण्यापर्यंत मागचा साउंडवाला आवाज जुळवून आणतो. तेव्हा ऐकायला आम्ही वीस-पंचवीस जण. कार्यक्रम संपला की हीच पोरं गुडघ्यावर बसून आपापल्या वायरी गुंडाळतात, आणि पाच मिनिटांनी त्यांचा ड्रमर घामेजल्या अंगाने मागच्या टेबलावर टी-शर्ट विकायला उभा असतो.

आता बडबड्यांबद्दल. मध्यंतरी एका कार्यक्रमात माझ्या पुढे एक जोडपं स्टेजकडे पाठ करून नव्या किचनची चर्चा करत होतं. स्टेजवर एक मुलगी एकटी, गिटार घेऊन, अत्यंत हळू आवाजाचं गाणं म्हणत होती. त्या किचनच्या टाइल्स करड्या आहेत, चकचकीत नाहीत, आणि सासूबाईंना पसंत नाहीत, हे मला आजही पाठ आहे. त्या मुलीच्या गाण्याची ओळ मात्र एकही नाही. मी एकदा रोखून पाहिलं, दोनदा पाहिलं. इथे कुणी कुणाला ‘गप्प बसा’ म्हणत नाही. सगळे फक्त नाराजीने श्वास सोडतात. मीही सोडला. तेवढ्यात त्या गृहस्थांनी फोन वर केला, पंधराएक सेकंद तिचं शूटिंग केलं आणि बायकोला म्हणाले, “असू दे, उद्या हिचं नाव झालं तर.” आणि पुन्हा टाइल्स! हाच माणूस दहा वर्षांनी कुठल्यातरी ऑफिसात ‘मी होतो’ म्हणून सांगणार, त्याच्याकडे व्हिडिओ असणार, आणि त्याचा मुलगा हे वारशाने सांगणार. तिकिटाचे पैसे आम्हीही दिलेत, असं म्हणतात हे लोक. दिलेत ना, मग बारमध्ये बसून बोला की, तो खाली आहेच.

तसे हे आजचे नाहीत. १९६७ च्या जुलैमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्स अमेरिकेत मंकीज या पॉप बँडच्या आधी वाजवायचा आणि पोरी मंकीजच्या डेव्ही जोन्सच्या नावाने किंचाळत असायच्या. थोड्याच कार्यक्रमांत तो दौरा सोडून गेला. त्या पोरी आता सत्तरी ओलांडलेल्या असतील. आपण हेंड्रिक्सला ओरडून गप्प केलं, हे त्यातल्या किती जणी नातवंडांना सांगत असतील? ऑक्टोबर १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्सच्या आधी आलेल्या प्रिन्सची तर हुर्यो उडवली लोकांनी, हाताला लागेल ते फेकलं. तीनच वर्षांनी त्याचा ‘पर्पल रेन’ हा गाजलेला अल्बम आला. त्या मानाने माझे टाइल्सवाले सभ्यच म्हणायचे.

आपल्याकडे असं होत नाही, हे मी इथे ठणकावून सांगत असते. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात नवख्या गायकालाही पाऊण तास मिळतो, तंबोरे लागेपर्यंत सगळे थांबतात, आणि पहिल्या रांगेतले बुजुर्ग मान हलवून दाद देतात. दुपारच्या त्या पहिल्या गाण्याला मंडपातल्या निम्म्या सतरंज्यांवर जागा धरणाऱ्या पिशव्याच बसलेल्या असतात, एवढा भाग मी गाळते. परदेशात राहून आपल्या माणसांची उणीदुणी काढायला मला आवडत नाही.

मी ऐकलेल्यांपैकी बहुतेकांचं पुढे काहीच झालं नाही. बँड फुटतात, कुणी लग्न करतं, कुणी लंडनला जातं. टी-शर्ट माझ्याकडे आहेत. नवरा त्यांना बुडीत खातं म्हणतो. गेल्या महिन्यात घराच्या कर्जाचं नूतनीकरण करायला बँकेत गेलो, तर टेबलापलीकडचा दाढीवाला ओळखीचा वाटला. कागद चाळता चाळता आठवलं आणि विचारलं, “तुम्ही बेस वाजवायचात का?” तो दचकलाच. मी म्हटलं, शेवटून दुसरं गाणं फार चांगलं होतं, ज्यात तुम्ही एकटेच बराच वेळ वाजवता. तो लाल झाला, शेजारच्या टेबलावरच्या बाईला हाक मारून म्हणाला, “ऐकलंस? या होत्या तिथे!” मग नवऱ्याला बाजूला ठेवून आम्ही चांगली वीस मिनिटं बोललो. व्याजाचा दर मात्र होता तोच राहिला.