पणजोबांपेक्षा आपण बरे जगतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी अर्थशास्त्र शिकवते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्यानं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. वयस्करांना ‘पूर्वीचंच बरं होतं’ असं ऐकायचं असतं. तरुणांना, आपलंच नशीब फुटकं निघालं, यावर माझा शिक्का हवा असतो.

माझ्या मते आपण बरे जगतो. पुष्कळच बरे.

1924 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्या 16 वर्षांच्या मुलाला टेनिस खेळताना पायाच्या बोटाला फोड आला. तो चिघळला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि आठवडाभरात मुलगा गेला. बापाच्या हाती सगळी सत्ता होती, निष्णात डॉक्टर उशाशी होते. पण पेनिसिलिनचा शोध लागायला अजून 4 वर्षं होती आणि ते औषध म्हणून मिळायला त्यानंतरही दशकाहून जास्त काळ गेला. राष्ट्राध्यक्षाच्या घरी ही गत, तर इतरांचं काय? 1800 च्या सुमारास जगात जन्मलेल्या दर 10 मुलांपैकी साधारण 4 मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत. आज हे प्रमाण शंभरात 4 पेक्षा कमी आहे. फ्रिज, गाडी, फोन मोजून राहणीमान ठरवणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण वाचलेलं मूल कुठल्याच यादीत चढत नाही.

वस्तूंचंच बोलायचं तर मला उजेडाचा हिशेब आवडतो. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी उजेडाची किंमत मजुरीच्या वेळात मोजली. जेवढ्या उजेडासाठी 1800 साली पाच तासांहून जास्त राबावं लागे, तेवढ्याला 1992 साली अर्ध्या सेकंदाची कमाईही पुरत होती.

यंत्रांनी बायकांचे कष्ट संपवले, हे मात्र मला पुरतं पटत नाही. अमेरिकेत नोकरी न करणाऱ्या गृहिणी 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करत. 1960 च्या दशकात, घरात यंत्रं आल्यावर, ते तास सुमारे 55 झाले! पाठीवरचा भार हलका झाला, पण कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले आणि स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. वाचलेला वेळ त्यातच गेला.

आता तरुणांची तक्रार: घर परवडत नाही. कारखान्यात बनतं ते स्वस्त होत जातं. जिथे माणसाचा वेळ लागतो, जसं शिकवणं किंवा आजाऱ्याची शुश्रूषा, ते तुलनेनं महाग होत जातं. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी 1960 च्या दशकातच हे दाखवलं होतं: चौघांनी वाजवायच्या संगीतरचनेला आजही चौघंच लागतात, आणि वेळही तेवढाच; मोबदला मात्र बाकीच्यांच्या पगाराबरोबर वाढवावा लागतो. जमीन तर कुठल्याच कारखान्यात बनत नाही. म्हणून खिशात फोन असलेल्या मुलाला घर परवडत नाही, यात मला विसंगती वाटत नाही.

मुलं आईवडिलांपेक्षा जास्त कमावतात का, हे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेपुरतं मोजलंय. 1940 साली जन्मलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक आईवडिलांपेक्षा जास्त कमावू शकले. 1980 च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे 50 टक्क्यांवर आलं. तरुण कुरकुरतात तेव्हा त्यांच्या मनात पणजोबा नसतातच, आईवडील असतात. आणि ती तुलना मला रास्त वाटते.