माया कापू का?

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखाली जेमतेम मशीन मावेल एवढ्या जागेत एक शिंपीकाका बसतात. पाटीवर फक्त 'आल्ट्रेशन करून मिळेल'. नवीन कपडे ते शिवतच नाहीत. "नव्याला कोण येतंय ताई आता? सगळे तयार घेतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणतात." म्हणजे जगात कुणालाच काही धड बसत नाही, या एका गोष्टीवर त्यांचं घर चालतं.

परवा भर दुपारी आईचे चार ब्लाऊज घेऊन त्यांच्याकडे गेले होते. आत घ्यायला. दीड वर्षात ही तिसरी खेप. काकांनी पहिला ब्लाऊज उलटा केला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि काखेतली शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली. मूळची टीप, तिच्या आत गेल्या वर्षीची, तिच्याही आत यंदाच्या संक्रांतीची. तिन्ही रेघा एकीशेजारी एक, वहीच्या समासासारख्या. त्यांच्या बाहेर दोन बोटं कापड नुसतंच साचलेलं.

"माया फार झालीय," काका म्हणाले. "अजून एक टीप मारली की काखेत गोळा होईल. आजींना टोचेल. माया कापू का?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. काही जण त्याला दाब म्हणतात, पण तो शब्द मला पोलीस चौकीतला वाटतो. आमच्या घरी माया. "माया ठेवलीय ना भरपूर?" हे वाक्य मी शिंप्यांच्या दुकानात इतक्यांदा ऐकलंय, की शाळेत संतांचे अभंग शिकवताना बाई 'माया म्हणजे भ्रम' म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, बाईंचे ब्लाऊज नक्कीच कुणीतरी फसवून शिवलेले असणार.

आमची पिढी वाढत्या अंगाच्या कपड्यांत वाढली. जूनमध्ये शाळेचा स्कर्ट शिवला जायचा तो वाढत्या अंगाचा. मास्तर माप घ्यायचे, आई त्यात चार बोटं घालायची. कमरेला दोन हुक, एक आजचं आणि एक पुढच्या वर्षीचं. खाली वीतभर दुमड. पहिल्या वर्षी तो स्कर्ट गुडघ्यांच्या खाली असा काही लोंबायचा, की मी आजीचं परकर-पोलकं चुकून घालून आले आहे असं मुली म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी दुमड अर्धी उसवायची, तिसऱ्या वर्षी उरलेली. मधल्या काळात बाहेरचं कापड धुवून धुवून विटलेलं असायचं आणि दुमडीतलं मात्र कोरं, गडद निळं. त्यामुळे स्कर्टच्या घेराला एक गडद पट्टा यायचा आणि जुन्या घडीची पांढुरकी रेघ, इस्त्री कितीही फिरवा, जायची नाही. माझ्या बाकावरची मुलगी त्या रेघा मोजायची. "ही तिसरीतली, ही चौथीतली." आईने एकदा रेघेवरून काळी नागमोडी लेस लावून दिली. लेस काही गणवेशात बसत नव्हती. बाईंनी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि हजेरी घ्यायला लागल्या. त्यांच्या घरीही पोरं असणार.

गंमत म्हणजे तो स्कर्ट मला नेमका बसायचा तेव्हा टेरिकॉट मागून बाकावर घासून आरशासारखं चकाकायला लागलेलं असायचं. आधी तो मोठा, मग तो जुना. मधला नीट बसणारा महिना बहुधा दिवाळीच्या सुट्टीत निघून जायचा.

हे सगळं उसवणं-शिवणं ज्या मशीनवर चालायचं, ते पुरातलं होतं. पुरातन नव्हे, पुरातलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आईचं माहेर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आई वीस वर्षांची. माणसं वेळेत बाहेर पडली, मशीन राहिलं. पाणी ओसरल्यावर ते चिखलात कुशीवर पडलेलं सापडलं. आजोबांनी त्याचा स्क्रू न् स्क्रू सुटा करून रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, आठवड्याने जोडला आणि ते चाललं. लाकूड मात्र फुगलं. डाव्या हाताचा खण त्या दिवसापासून जो अर्धा उघडा राहिला तो कायमचा. आईच्या लग्नात ते मशीन तिला मिळालं, कारण उघड्या खणाचं मशीन मामीला नको होतं. आम्हां भावंडांचे गुडघे त्या खणावर आपटून आपटून फुटले आहेत. पण सुताराला बोलावून तो खण तासून घ्यावा, असं आईच्या मनात कधी आलं नाही. "ते पुराचं आहे," एवढंच म्हणायची. आईच्या वयाच्या पुणेकरांचं पंचांगच वेगळं. कुठलीही गोष्ट ही पुराच्या आधीची तरी असते नाहीतर पुराच्या नंतरची. नातेवाईक सुद्धा. "ते लोकमान्यनगरचे, ते पुरानंतरचे," म्हणजे पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या घरांत राहायला गेलेले. एका सकाळी एवढा बदल झाला, की त्याला बदल म्हणायची कुणाची छाती होत नाही. त्याला नुसतं पूर म्हणतात.

एरवी आपल्याकडे बदलांना शब्दांचा तोटा नाही. बदल म्हटला की तो साधा. बदली झाली की घरात खोकी बांधायला लागतात. बदला घ्यायचा असतो. पालट हवेचा होतो, खांद्याचा होतो, ताप उतरल्यावर तोंडाच्या चवीचा होतो. नोट मोडली की मोड मिळते, मटकी भिजवली की मोड येतात. शब्द तोच, एकीकडे तुटणं आणि दुसरीकडे उगवणं. यावर कुणी पीएचडी केली असेल तर मला वाचायची नाही.

सरकारने केलेला बदल आईला विशेष लक्षात आहे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. एकदम शंभर झाले. आता सोळाने शंभराला भागा. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा द्यायचा कसा? सरकारने तक्ता काढला : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे एकेक आणा सुटा नेलात की दर वेळी पाव पैसा बुडाला. तीन आणे एकदम नेलेत तर उलट पाव पैसा फायदा. माझी पणजी तेव्हापासून वाण्याकडे तीन-तीन आण्यांचंच सामान आणायला पाठवायची म्हणे. आईला गणिताची गोडी लागली ती तिथे. पुढे २०११ च्या जूनअखेर चार आण्यांचं नाणं कायमचं बंद झालं, तरी आई अजून "बारा आणे काम झालंय" म्हणते आणि ते काम बरोब्बर तेवढंच झालेलं असतं.

नावं बदलतात त्याचं तर तिला काहीच वाटत नाही. लकडी पुलाला संभाजी पूल हे नाव देऊन किती काळ लोटला, पुलात औषधाला लाकूड नाही, तरी रिक्षावाल्याला ती लकडी पूलच सांगते आणि रिक्षावालाही तिथेच नेतो. मी मात्र मोबाईल रात्री झोपेत अपडेट झाला आणि सकाळी गजराचं बटण भलतीकडे गेलेलं दिसलं, की दिवसभर घुश्शात असते.

पण सगळ्या शब्दांत मला खरा भितीदायक वाटतो तो फेरफार. बाबा गेल्यावर गावाकडच्या दीड एकराला वारसांची नावं लावायची होती. तलाठ्यासमोरच्या त्या लांबरुंद वहीचं नाव फेरफार नोंदवही, गाव नमुना सहा. बाबांसारख्या माणसाचं जाणं तिथे एका क्रमांकात आणि अडीच ओळींत बसलं : खातेदार मयत, वारसांची नावे दाखल. मला वाटलं होतं, सातबाऱ्यावर आता बाबांचं नाव खोडतील. खोडलं नाही. त्याला कंस केला. दोन बाजूंना दोन बाकदार रेघा आणि खाली आईचं, दादाचं, माझं नाव. आईने तो उतारा उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "खोडलं नाही ते बरं केलं," म्हणाली, आणि घडी घालून पिशवीत ठेवला. घडीसुद्धा अशी घातली, की नावावर येणार नाही.

कापलेलं फेकवत नाही हा रोग मला तिच्याकडूनच आला. माझ्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मुलाच्या जीन्सच्या खालून कापलेल्या पट्ट्या आहेत. आठवीत असताना जीन्स लांब झाली म्हणून चार बोटं कापून घेतली आणि दहावीत ती चार बोटं वर गेली. मी पट्ट्या घेऊन याच काकांकडे गेले होते, परत जोडून मिळतील का म्हणून. काकांनी अतिशय सभ्यपणे मान हलवली. "कापायच्या आधी दुमडून आत ठेवायची असते ताई. एकदा कापलं की ती चिंधी." आता तो मुलगा हिंजवडीला जातो, तयार कपडे घालतो. त्या कपड्यांत आत माया नसतेच, कडेला इंटरलॉक मारून सगळं जिथल्या तिथे छाटलेलं. पोट सुटलं की तो शर्ट बदलतो. सैल करायचा असतो हे त्याला ठाऊकच नाही. डब्याबद्दल त्याला सांगितलेलं नाही.

तर ब्लाऊज.

घरी आले तेव्हा आई गॅलरीत बसून पावटे सोलत होती. सालपटं एका वर्तमानपत्रावर, दाणे वाटीत, किडके वेगळे. आईला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. हात वर केला की बांगड्या कोपराशी जाऊन थांबतात. पूर्वी याच बांगड्या साबण लावल्याशिवाय निघायच्या नाहीत. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात वजनाच्या काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, आणि माझ्याकडे न बघता चिठ्ठीवर लिहिला.

मी तिला म्हटलं, "काका विचारतायत, आतली माया कापू का. गोळा होऊन टोचेल म्हणतात."

तिने हातातली शेंग सोलली. एक दाणा किडका निघाला, तो बाजूला केला.

"कापायची कशाला? थंडीत अंग धरलं की परत सोडता येईल."

मी काही बोलले नाही. तिनेही वर पाहिलं नाही. मग मीच आत जाऊन काकांना फोन लावला.

"काका, नका कापू. राहू दे."

"टोचेल की हो."

"आतून मलमलची पट्टी लावा मऊ."

"त्याचे चाळीस-चाळीस जास्त होतील."

म्हटलं, होऊ देत. बुधवारी मिळतील म्हणाले.