लॅबमध्ये देव कुठे असतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. "मॅडम, तुम्ही पॅथॉलॉजिस्ट. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसता आणि रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून बसता. हे दोन्ही एका डोक्यात मावतं कसं?" काही जण खोचकपणे विचारतात. काही जणांच्या आवाजात खरीखुरी काळजी असते, मला कसलंसं जुनं दुखणं आहे आणि मी अंगावर काढतेय अशी. पुण्यात माझ्याबरोबर लॅब चालवणारे डॉक्टर तर पक्के नास्तिक. उमेदीची वर्षं त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात घातली. मला हा प्रश्न विचारायचा त्यांचा नेमच आहे. तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, कारण मध्येच कुणाचा तरी फोन येतो नाहीतर सॅम्पल येतं. म्हणून यावेळी लिहूनच काढते.

आधी एक गैरसमज दूर करते. विज्ञानाला जे अजून उमगलेलं नाही तिथे मी देवाला बसवलं असणार, असं बहुतेकांना वाटतं. विश्व कसं सुरू झालं माहीत नाही ना, मग तिथे देव. अमक्याचा आजार औषधाशिवाय कसा बरा झाला सांगता येत नाही ना, मग तिथेही देव. असा देव मला नको आहे. त्याची जागा दर वर्षी थोडी कमी होत जाते, आणि नवा शोध लागला की त्याच्या भक्तांच्या पोटात गोळा येतो. गंमत म्हणजे हे मला कुणा नास्तिकाने नाही, एका पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, शिकवलं.

डीट्रिख बोनहोफर हा जर्मन लुथरन पाळक. जन्म 1906चा. वडील बर्लिनचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ, थोरला भाऊ रसायनशास्त्रात नाव काढलेला. घरात पुस्तकं भरपूर, चर्चला जाणं बेताचंच. धाकट्याने थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकायचं ठरवलं तेव्हा घरात फारसा आनंद झाला नव्हता. या माणसाला हिंदुस्थानात यायचं होतं. 1934च्या नोव्हेंबरात गांधीजींनी त्याला आश्रमात येऊन राहायचं निमंत्रणही पाठवलं होतं. पण हिटलरपुढे न वाकणाऱ्या पाळकांना तयार करण्याची जबाबदारी अंगावर आली, आणि येणं राहिलं ते राहिलंच. पुढे तो हिटलरविरोधी कटात ओढला गेला. 5 एप्रिल 1943 रोजी अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्याने आपला मित्र एबरहार्ड बेथगे याला जी पत्रं लिहिली, ती मी मेडिकलला असताना पहिल्यांदा वाचली. तेव्हा निम्मी डोक्यावरून गेली. लॅबमध्ये काम करायला लागल्यावर समजू लागली.

1944च्या मे महिन्यात कोठडीत तो पदार्थविज्ञानावरचं एक पुस्तक वाचत होता. त्यावर त्याने मित्राला जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: आपल्या अज्ञानाची भोकं बुजवायला देवाला वापरू नये, जे आपल्याला कळलंय त्यात देव शोधावा, जे कळलं नाही त्यात नव्हे. जुलैमधल्या पत्रात तर तो आणखी पुढे जातो. जग आता वयात आलंय, आणि देव नाहीच असं धरून आपल्याला या जगात वावरावं लागणार. हे देवच आपल्याला शिकवतोय, कारण जगाने त्याला क्रुसावर ढकललं तेव्हा त्याने ते होऊ दिलं. हे लिहिल्यावर चारच दिवसांनी हिटलरवर बॉम्बहल्ला झाला, तो फसला. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत बोनहोफरला फाशी दिलं. वय 39.

आमचे डॉक्टर हे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमचा माणूस जवळजवळ आमच्यातलाच." जवळजवळच. कारण हेच लिहिणारा माणूस कोठडीत रोज स्तोत्रं वाचत होता आणि शेजारच्या कैद्यांसाठी प्रार्थना करत होता.

हे प्रत्यक्षात कसं असतं ते एका स्लाइडवरून सांगते. सकाळची गर्दी ओसरलेली. टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, हे जरा बघता?" लहान मुलाचं रक्त, तक्रार फक्त रेंगाळलेल्या तापाची. लीशमन स्टेनने रंगवलेली काच लेन्सखाली घेतली. जांभळ्या मोठाल्या पेशी, जवळजवळ सगळी जागा व्यापलेलं केंद्रक, भोवती निळसर पातळ किनार, आणि केंद्रकात फिकट ठिपके. ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियात, रक्ताच्या कर्करोगात, दिसणाऱ्या अपक्व पेशी. एक नाही, दोन नाहीत, काच सरकवावी तिथे. अशा वेळी मी प्रार्थना करते का? करते. पण स्लाइडवरचं बदलावं म्हणून नाही करत. काचेवर जे आहे ते आहे, आणि ते जसंच्या तसं लिहिणं हे माझं काम. मी पुन्हा मोजते, पाठवणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्टची वाट न बघायला लावता स्वतः फोन करते, आणि मग मिनिटभर तिथेच बसते. त्या मिनिटात देवाला जे म्हणते त्यात तक्रार जास्त असते. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे येशूने क्रुसावर म्हटलेलं आहे, त्यामुळे असं बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

त्याच मिनिटात दुसरंही एक असतं, आभार. लहान मुलांच्या या ल्युकेमियावर 1948 साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन वापरून पहिली तात्पुरती का होईना पण उतार पडल्याची नोंद केली. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या माणसाच्या देखरेखीखाली तयार झालं होतं. त्याआधी अशी मुलं काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जायची. आज नीट उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. बोनहोफर म्हणतो तो 'कळलेल्यातला' देव मला इथे भेटतो. चमत्काराची वाट बघत बसायला मला सवडच नाही.

बुधवारच्या प्रार्थनासभेत अशा मुलासाठी विनंती करायची झाली तर मी नाव सांगत नाही. रुग्णाची गुप्तता रुग्णालयाच्या दारात संपत नाही. "एक लहान मुलगा आहे" एवढंच म्हणते. मंडळीतल्या काही जणींना ते फार आवडत नाही, त्यांना तपशील हवा असतो. असो.

आता जिथे आमच्याच लोकांशी वाजतं त्याबद्दल. ओळखीतले एक काका, बरीच वर्षं मधुमेह, इन्सुलिनवर. ते एका चंगाई सभेला गेले. सेवकाने डोक्यावर हात ठेवला, "बरा झालास, साक्ष दे" म्हणाला. काकांनी माईकवर साक्ष दिली आणि घरी येऊन इन्सुलिन बंद केलं. काही महिन्यांनी मुलगा त्यांना जबरदस्तीने लॅबमध्ये घेऊन आला. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा एचबीएवनसी 13च्या वर. काका मला म्हणाले, "बाई, तुझ्या मशीनवर विश्वास ठेवू की प्रभूवर?"

मी लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढून दिला. दहा कुष्ठरोगी येशूकडे येतात, तर तो त्यांना म्हणतो, जा, याजकांना दाखवून या. त्या काळी त्वचा तपासून 'शुद्ध' की 'अशुद्ध' हे ठरवायचं काम याजकांचं होतं. म्हटलं, "काका, येशूनेसुद्धा तपासणीला पाठवलं. स्टेजवरूनच साक्ष द्या असं नाही म्हणाला." काका हसले नाहीत, पण इन्सुलिन सुरू केलं. सभांना अजून जातात. जाऊ देत, गाणी छान असतात तिथली.

नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी आला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं त्यात गुन्हा आहे. हा कायदा चर्चच्या फाटकाशी येऊन थांबावा असं मला मुळीच वाटत नाही. उलट भोकं बुजवणारा देव किती महागात पडतो हे मी रिपोर्टवर आकड्यात बघते, त्यामुळे या बाबतीत माझं आणि आमच्या डॉक्टरांचं चांगलं जमतं.

इथे पुढचा प्रश्न येतोच. "मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय उरला?"

कट प्रॅक्टिसचं घ्या. बाहेरच्यांना सांगायचं तर, पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला लॅबने टक्केवारी द्यायची. ती पेशंटच्याच बिलातून निघते, किंवा मग तपासण्या वाढवून. महाराष्ट्रात 2017 साली याविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला, गाजला, पुढे थंडावला. आमच्याकडे अजूनही फोन येतात: "मॅडम, आपलं काय ठरलं?" आपलं काही ठरत नाही. त्यामुळे सॅम्पल कमी येतात आणि महिनाअखेरीला पगार काढताना घाम फुटतो. तुरुंगातून मित्राच्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी लिहिलेल्या मजकुरात बोनहोफरने म्हटलंय की यापुढे ख्रिस्ती असणं म्हणजे दोनच गोष्टी: प्रार्थना, आणि माणसांमध्ये न्यायाने वागणं. बाकी सगळं यातून नव्याने उगवेल. माझ्यासाठी न्यायाने वागणं म्हणजे हे असं, बिलावरच्या रकमेपर्यंत आलेलं.

पण कट आमचे डॉक्टरही देत नाहीत! देव न मानता देत नाहीत. आणि कट देणाऱ्या-घेणाऱ्यांत गळ्यात क्रूस घातलेले मी पाहिले आहेत. तेव्हा ख्रिस्ती माणूस जास्त प्रामाणिक असतो असला दावा मी करणार नाही. केला तर नगरमधले माझे नातेवाईकच मला हसतील.

मला फरक दुसरीकडे जाणवतो. कट न देणारा माणूस फार लवकर स्वतःवर खूश होतो. मी होते. कॉन्फरन्समध्ये चहा पिताना समोरच्याकडे बघून मनात म्हणते, हा देतो, मी देत नाही. येशूच्या दाखल्यात मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात, धर्मनियम काटेकोर पाळणारा परुशी आणि लोक ज्याला पापी समजत असा जकातदार. परुशी म्हणतो, देवा, मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीआधी, आम्ही सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतो, तेव्हा मला माझ्या नाकारलेल्या पैशांचं काही श्रेय मिळत नाही. शेजारी कोण बसलंय ते बघत बसायची सोयही राहत नाही. एकच भाकर, एकच प्याला.

त्या प्याल्याचंही सांगितलं पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळ्यांतली बहुतेक घरं मूळची महार-मांग समाजातली. एका प्याल्यातून पिणं हे त्यांच्या पूर्वजांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. पण 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956मध्ये शिखांना आणि 1990मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच. बाप्तिस्म्याने जात गेली असं सरकार धरून चालतं. गावाने तसं कधी धरलं नाही, आणि लग्नं जुळवताना बघाल तर चर्चनेही पुरतं धरलेलं नाही. धर्मनिरपेक्ष राज्यात श्रद्धेने जगायचं म्हणजे नेमकं काय, असं मला विचारलं जातं तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे डार्विन असतो. आमच्या चर्चमधल्या पोरांच्या डोळ्यांपुढे जातीचा दाखला असतो.

म्हणूनच "श्रद्धा ठेवा की मनात, चर्च कशाला?" हे मला पटत नाही, जरी चर्चचा वैताग मलाही येतो. जमिनीचे दावे, कमिट्यांची भांडणं, पाळकाच्या बदलीचं राजकारण. कवी नारायण वामन टिळकांनाही आला होता. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि 1917मध्ये ते सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्ताचे शिष्य मिशनच्या चौकटीबाहेर, इथल्या मातीत, बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले एकत्र नांदावेत म्हणून. दोनच वर्षांत ते गेले आणि तो प्रयोग फारसा तगला नाही. पण टिळकांनीही एकट्याने घरी बसून राहायचं ठरवलं नाही, दरबारच भरवला. आजही त्यांचे अभंग गाताना आमच्याकडे पेटी आणि झांजा असतात, आणि बेसूर गाणारे हमखास पुढच्या बाकावर.

आमच्या डॉक्टरांचा ताजा प्रश्न वेगळा आहे. "इतकी वर्षं बरोबर काम करतोय, तुम्ही मला अजून बायबल का दिलं नाही? तुमच्यात तर वाटतात ना?" म्हटलं, मागितलं नव्हतंत. मागितल्यावर दिलं. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती उघडून जगनिर्मितीच्या सहा दिवसांवर तुटून पडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी थेट उपदेशक हे पुस्तक वाचलं. व्यर्थ, सगळं काही व्यर्थ. "हा माणूस तुमच्या पुस्तकात शिरला कसा?" म्हणाले. आता ईयोब चाललाय, निरपराध असून सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक. परवा रात्री व्हॉट्सअॅपवर संदेश आला: ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेतात आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो, हे कसं काय? उत्तर टाईप करायला घेतलं तेवढ्यात दुसरा संदेश: उद्या सांगा, पण आधी सकाळचं सीबीसी मशीनचं कॅलिब्रेशन बघा.