लिफ्ट बसते

जेवायला बसलो तेव्हा मोगडा, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडलेलं माती भुसभुशीत करायचं दातेरी अवजार, हवेत होता. हात धुवायला उठलो तेव्हा जमिनीला टेकलेला. मधल्या वेळात दीड भाकरी आणि वांग्याचं भरीत, एवढंच घडलं होतं. ट्रॅक्टर बंद, चावी खुंटीला, आसपास चिटपाखरू नाही.

"लिफ्ट बसते आता," अण्णा म्हणाले. घरातलं कुत्रं म्हातारं झालं की सांगतात, तसं.

पुण्यात आमच्या सोसायटीची लिफ्ट तासभर बंद पडली तरी ग्रुपवर युद्ध पेटतं. इथली लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबानं उचलून धरणारी ट्रॅक्टरची यंत्रणा, चार वर्षं बसते आहे आणि कुणाची काही तक्रार नाही. शिवाय पंपाकडून येणाऱ्या पाइपाच्या जोडातून तेल ठिबकतं, त्याखाली एक फुटकं घमेलं. आठवड्यातनं एकदा अण्णा ते तेल फडक्यातून गाळून परत आत ओततात. झालं.

मला मात्र ठिबकणारं काही बघवत नाही. नळ ठिबकत असेल तर मी रात्री दोनदा उठतो. याचं मूळ बहुतेक आमच्या जुन्या घरात असावं. पावसाळ्यात घरभर पातेली, परात, चरव्या मांडलेल्या असायच्या. प्रत्येकीचा सूर वेगळा, आणि भरत आली की तोही बदलायचा. आजी अंधारात पडल्या पडल्या सांगायची, "परात भरली गं." छप्पर शाकारण्याचा विषय दरवर्षी श्रावणात निघायचा आणि दसऱ्याला विसरला जायचा. खाली भांडं ठेवलं की प्रश्न सुटला, हे तत्त्वज्ञान आमच्याकडे वंशपरंपरागत आहे.

तर मी हट्टानं मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी आल्या आल्या पहिली गोष्ट मागितली ती लग्नपत्रिका. जाड कागदाची, जुनी असली तरी चालेल. ट्रॅक्टर चालू केला, लिव्हर ओढली आणि ते ती पत्रिका पाइपाच्या कडेकडेनं फिरवू लागले. मी सवयीनं बोट पुढं केलं तर खेकसले, "हात नका लावू!" मोटारीच्या चाकात हवा असते दोन बारच्या आसपास, या पाइपात तेल दीडशे-दोनशे बारनं दाबलेलं. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार इंजेक्शनच्या सुईसारखी कातड्यात शिरते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि मग बोट कापायची वेळ येते. मी दोन्ही हात खिशात घातले. पत्रिकेवर वधूच्या नावाच्या जरा खाली तेलाचा ठिपका उमटला. चोर सापडला.

चोर म्हणजे जोडातला तांब्याचा वॉशर, दाबून दाबून कडक झालेला. नवा आणायला तालुक्याला जावं लागलं असतं. मिस्त्री सरळ स्वयंपाकघराच्या दारात. "वहिनी, गॅस लावा जरा." पोळ्या भाजायच्या चिमट्यात वॉशर धरून लालबुंद केला आणि वाटीतल्या पाण्यात टाकला. चर्र झालं. बाहेर आला तो चिंचेनं घासलेल्या देवाच्या तांब्यासारखा गुलाबी. तापवला की तांबं पुन्हा मऊ पडतं, पुन्हा दोन्ही बाजूंना नीट बसतं. आईनं चिमटा तीनदा घासला आणि तरी त्या दिवशी भातच केला.

ठिबकणं थांबलं. लिफ्ट बसायची थांबली नाही.

"ते आतलं आहे," मिस्त्री म्हणाले. बाहेरची गळती जमिनीवर दिसते. आतली दिसत नाही, कारण तेल कुठं जातच नाही. सिलिंडरमधल्या पिस्टनच्या कडेनं निसटतं आणि पुन्हा तेलाच्या त्याच पेटीत पडतं. माप काढलं तर तेल पुरेपूर. फक्त ओझं पेलवत नाही. यावर मला काहीतरी गहन सुचत होतं, पण तेवढ्यात कडुनिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधायला बोलावणं आलं आणि ते राहूनच गेलं.

सीट काढली, लिफ्टचं झाकण साखळीनं वर घेतलं. शेजारच्या दोन लिव्हरवर अण्णांचा जुना फडका अडकवलेला होता. त्यातली 'ड्राफ्ट'ची, म्हणजे ओढ वाढली की अवजार आपोआप जरा वर घेणारी, लिव्हर अण्णांनी उभ्या आयुष्यात वापरली नाही. खरं तर सगळी गंमत तिच्यातच आहे. उत्तर आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलानं अवजार ट्रॅक्टरला धरून ठेवणारी तीन दांड्यांची ही जोडणी बसवली. त्याआधी नुसता मागं ओढलेला नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उठायचा आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. 1938 साली त्यानं हेन्री फोर्डशी करार केला तो नुसता हातात हात देऊन, कागद नाही. फोर्डच्या नातवाच्या काळात तो मोडला, खटला झाला आणि 1952 साली साडेब्याण्णव लाख डॉलरवर मिटला. हे अण्णांना सांगितलं. "बांधाच्या वादात असंच होतं," ते म्हणाले. "तोंडी कधी ठरवू नये."

मला मात्र ही लिफ्ट म्हटलं की शेवगा आठवतो. 1986 साली भूविकास बँकेच्या कर्जावर ट्रॅक्टर आला. मागं सपाटीची फळी जोडली की अण्णा मला आणि ताईला तिच्यावर उभं करायचे, ट्रॅक्टर शेवग्याखाली मागं घ्यायचे आणि हळूच लिव्हर ओढायचे. आम्ही वर जायचो. पाळण्यासारखं नाही, पाळणा परत खाली आणतो. ही लिफ्ट वर नेऊन तिथंच धरून ठेवायची. ट्रॅक्टर बंद करून अण्णा खाली बिडी ओढत बसायचे, आम्ही निवांत शेंगा तोडायचो. फळी बोटभरसुद्धा हलायची नाही. आज माझ्या मुलाला मी असं उभं करीन का? छे.

पिस्टनवरची रबराची रिंग निघाली ती चपटी, एका जागी चिरलेली. किंमत विचारू नका. ती बदलायला ट्रॅक्टर अर्धा उघडावा लागतो, नाकापेक्षा मोती जड. आमचा ट्रॅक्टर आला त्याच वर्षी, 28 जानेवारीला, अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उडाल्यावर 73 सेकंदांत फुटलं, सात माणसं गेली, ते अशाच रबराच्या रिंगांमुळं. थंडीनं त्या ताठरल्या होत्या. पुढं चौकशीत फाइनमन नावाच्या शास्त्रज्ञानं तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. नवी रिंग त्यांनी मघाशीच कोमट तेलाच्या वाटीत टाकून ठेवली होती.

"थंडीत रबर आखडतं," ते म्हणाले. "कुणाला विचारलं नाही का त्यांनी?"

विचारलं होतं. आदल्या रात्री इंजिनिअरांनी नको म्हणून सांगितलंही होतं. पण ते मी मिस्त्रींना सांगितलं नाही.

संध्याकाळी मोगडा उचलला, ट्रॅक्टर बंद केला. अण्णांनी फाळाशेजारी काठी रोवून टोकाच्या बरोबरीनं खडूची रेघ मारली. सकाळी चहाच्या आधी दोघंही तिथं. मोगडा रेघेच्या खाली होता, दोन बोटं.

"वयाच्या मानानं बरं आहे," अण्णा म्हणाले. मग मडगार्डला धरून सीटवर चढायला लागले. एक पाय पायरीवर ठेवला, थांबले, श्वास घेतला. मी काठी उपटायच्या निमित्तानं वाकलो आणि ते वर बसेपर्यंत तसाच वाकून राहिलो.