बाबांचा उजवा पाय

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप येत नाहीये, आणि कारण इतकं फालतू आहे की कोणाला सांगितलं तर हसतील. कारण म्हणजे बाबांचा उजवा पाय. दुखत वगैरे नाहीये, ठणठणीत आहे. आज तो हलला नाही, एवढंच.

हयातीच्या दाखल्यासाठी फोर्टला गेलो होतो. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे ठरलेलं. हे आता फोनवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी बाबा म्हणतात, मी जिवंत आहे की नाही हे फोन कोण ठरवणार, खिडकीतल्या माणसाला बघू दे. मुलुंडहून निघालो, हायवे, मग चेंबूरला फ्रीवे धरला. शिवडीच्या आसपास पुढचा टेम्पो अचानक स्लो झाला, मी ब्रेक मारला, बाबांच्या मते मी नेहमी मारते तसा म्हणजे जरा उशिराच, आणि सवयीने माझी नजर डावीकडे खाली गेली. पाय तसाच. चपलेत सैल. मांडीवर फाईल आणि साहेब खिडकीतून बाहेर बघतायत.

ज्यांनी बाबांना माझ्या शेजारी बसलेलं बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. 1999 पासून, म्हणजे आरे कॉलनीत रविवारी सकाळी स्टिअरिंगवरच्या गिअरची ती फियाट शिकवली तेव्हापासून, मी गाडी चालवतेय आणि बाबा त्यांच्या बाजूचा, नसलेला ब्रेक दाबतायत. आधीच्या गाडीत तर तिथलं मॅट झिजलं होतं, खरंच, विकताना त्या माणसाने विचारलं होतं की इथे काय ठेवायचात. मला त्या पायाचा किती राग यायचा. आणि आज तो थांबला तर मी इथे बसून हे लिहितेय.

थांबला का ते माहितेय मला. नवीन गाडीत अडास आहे, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणारी यंत्रणा. शोरूमवाल्याने बाबांना समजावलं, काका, काचेवर कॅमेरा, पुढे रडार, गाडी स्वतः बघते, स्वतः ब्रेक लावते. आणि त्याच आठवड्यात दादाने सॅन होजेहून व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, स्टिअरिंग आपोआप फिरतंय आणि हा मांडीवर हात ठेवून बसलाय. झालं. कॅमेरा म्हणजे कॅमेरा, बाबांच्या हिशोबात दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणी. मी सांगून बघितलं की बाबा, याच्या शून्य ते पाच अशा लेव्हल असतात, आपली दोन, आणि दादाची एवढी भारीतली टेस्ला तीसुद्धा दोनच, दोनमध्ये जबाबदारी चालवणाऱ्याचीच असते. तर म्हणाले, पाचात दोन म्हणजे चाळीस टक्के, पस्तीसला पास.

मी सव्वीस वर्षं परीक्षा देतेय. असो.

आणि ही पास झालेली काय दिवे लावते ते रोज मी बघते ना. ठरावीक वेगाच्या खाली लेनचं काम ती करतच नाही, आणि मुंबईत त्या वेगाच्या वर आपण असतो कधी. पट्टे पुसलेले असले की स्टिअरिंगची चाळवाचाळव बंद. पुढच्या गाडीपासून ती जे सभ्य अंतर ठेवते त्यात एक रिक्षा शिरते, मग ही आणखी मागे सरते, मग दुसरी रिक्षा, असं करत करत आपण ठाण्याला परत जाऊ. जुलैत वळणावर कडेला उभ्या टँकरला पुढची गाडी समजून असा काही ब्रेक मारला तिने की माझा डबा मागून पुढे आला. तेव्हा बाबा गाडीत नव्हते. असते तरी म्हणाले असते, काहीतरी दिसलं असेल तिला. मला दिसलं असं कधी नाही म्हणालेत.

सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट मारून घेतल्यावर जरा बरी वागते, हे खरं. आणि बघा, हे लिहितानाच माझ्या लक्षात आलं, मी पण दादासारखंच बोलायला लागले. दादाला कधीही विचारा, कशी चालतेय, उत्तर ठरलेलं: आधीच्या व्हर्जनपेक्षा खूपच सुधारलंय. बारा नंबरच्या व्हर्जनपासून तर माणसांनी चालवलेले व्हिडिओ बघून बघून शिकलंय म्हणे, आता एकदम माणसासारखं चालवतं. टेस्लावाले आधी बोलले काय होते ते काढायचंच नाही. 2016 मध्ये सांगितलं, आता निघणाऱ्या सगळ्या गाड्यांत स्वतः चालण्याचं सगळं हार्डवेअर आहे. 2019 मध्ये टेस्लाचा मस्क म्हणाला पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सी. 2024 मध्ये 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' या नावापुढे 'सुपरवाइज्ड' चिकटलं, म्हणजे लक्ष ठेवायला तुम्ही आहातच. पण मालक मंडळी मोजतात ती कालच्या व्हर्जनपासून. मागच्या वेळी डावीकडे वळताना दचकायची, आता दचकत नाही. गुणाची गं बाई.

बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं तेव्हा नवऱ्याच्या हट्टाने बघायला गेलो होतो, साठ लाखांच्या गाडीवर या सॉफ्टवेअरचे आणखी 6 लाख. इकडे गडकरी 2023 मध्येच बोलून बसलेत की ड्रायव्हर नसलेल्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांची पोटं जातील. सेल्सवाला मुलगा बिचारा हसत होता.

मुद्दा तो नाही. मुद्दा हा की मला असं आधीच्या व्हर्जनशी जोडून कोणी बघितलं का कधी? 1999 ला मी पवईच्या चढावर तीनदा गाडी बंद पाडली, ती अजून चालूच आहे बाबांच्या डोक्यात, नंतरची अपडेट्स त्यांनी डाउनलोडच केली नाहीत. नाशिकला मध्यरात्री आईला घेऊन गेले होते ती पण मीच, पण तो विषय आमच्या घरात निघत नाही. दादाने मांडीवर हात ठेवून दाखवले आणि पाय सैल पडला. दादाने. जाऊ दे.

मग एक गोष्ट आठवली आणि अंधारात एकटीच हसले. 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेत ऑस्टिनला टेस्लाने रोबोटॅक्सी सुरू केल्या ना, तेव्हा ड्रायव्हरची सीट रिकामी, पण शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवलेला. लक्ष ठेवायला. म्हणजे बाबाच की! एवढी मोठी कंपनी, एवढे कॅमेरे, एवढं सगळं शिकवून शेवटी शेजारी एक बाबा लागलाच. फक्त त्यांच्या बाबाला पगार मिळतो. हे सकाळी दादाला पाठवणार आहे, चिडेल.

परत येताना काय केलं ते लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही. बँकेत काम झालं, खिडकीतल्या माणसाने बाबांना जिवंत ठरवलं, कँटीनच्या बाहेर चहा प्यायलो. गाडीत बसल्यावर बाबा बेल्टशी झटापट करत होते तेवढ्यात मी अडास बंद केलं. सगळंच. डॅशवरचं चिन्ह राखाडी झालं. फ्रीवे उतरेपर्यंत, चेंबूरच्या त्या गर्दीत, टँकर, बाइकवाले, मध्येच घुसलेली शाळेची बस, सगळं मी आणि माझे दोन डोळे. दर ब्रेकला खाली बघत होते. पाय एकदाही हलला नाही.

घाटकोपरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "छान चालवते हो ही."

ही म्हणजे कोण ते विचारणारच होते, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हातच ठेवला.