एक दात कमी

माझी मोटारसायकल हीरोची एक्सपल्स २००, २०१९ची, कार्ब्युरेटरवाली. त्या साली ती फ्युएल इंजेक्शन आणि कार्ब्युरेटर अशा दोन्ही प्रकारांत निघाली होती. सात-आठ हजार वाचतात म्हणून मी स्वस्तातली उचलली. तो चिक्कूपणा पुढे फार कामाला आला, कारण कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, आमच्या मेकॅनिक अण्णाच्या पत्र्याच्या शेडात स्क्रू-ड्रायव्हरनं बदलता येतो. इंजेक्शनला लॅपटॉप घेऊन बसणारा माणूस लागतो, आणि तसा मला तरी सोलापुरात कुणी भेटला नाही.

रविवारी पहाटे आम्ही तिघं-चौघं तुळजापूर रोडनं निघतो. हिप्परग्याच्या तलावाकाठी काळी माती, तामलवाडीच्या पुढं मुरूम, सुटे दगड आणि हिवर-बाभळीचे काटे. नान्नजचं माळरान याहून मोकळं आहे, पण ते माळढोकाचं अभयारण्य. तिकडं गाडी घालायची नाही, हे आमच्यात पहिल्यापासून ठरलेलं. तामलवाडीकडं एका बंद खाणीशेजारी दोनेकशे फुटांची चढण आहे. तिथं माझी गाडी दर वेळी अर्ध्यात दम टाकायची. हळू नेली तर पहिल्या गिअरमध्ये बंद पडायची, जोरात नेली तर मागचं चाक मुरूम उडवत जागच्या जागी फिरायचं. सोबतचा मित्र त्याची एनफिल्डची हिमालयन घेऊन टुकटुक करत वर जाऊन पाणी पीत बसलेला असायचा. म्हटलं, आपल्या गाडीत ताकदच नाही.

मग शोध सुरू झाला. एकानं सांगितलं, बोअर वाढव, मोठा पिस्टन टाक. दुसरा म्हणाला, इंजिनाच्या झडपा उघडणारा कॅम बदल. बोअरचा विचार मी दोनच दिवस केला. आरसी बुकात इंजिनाची सीसी लिहिलेली असते. ती बदलली की मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आडवं येतं आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त. शिवाय सोलापूरचा मे महिना. ४२ अंशांत, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगानं. त्यात आणखी उष्णता कशाला निर्माण करायची?

राहिला सायलेन्सर. खरं सांगायचं तर मला तोच हवा होता. आवाजासाठी. ताकद वगैरे मी घरच्यांना सांगत होतो.

अण्णा जुन्या आरएक्स १०० वर हात बसलेला माणूस. ऑनलाइन मागवलेला खोका मी त्याच्यासमोर उघडला. इंजिनापासून निघणारा स्टीलचा जाडजूड बेंड पाईप, आखूड नळकांडं, आणि खोक्यावर २ हॉर्सपॉवर वाढण्याची हमी. त्यानं नळकांड्यातून आरपार माझ्याकडं बघितलं.

"काय बे, चढायचंय का गावाला ऐकवायचंय?"

"दोन्ही, अण्णा."

"टू-स्ट्रोकचं वेगळं असतंय. तिथं सायलेन्सर म्हंजे निम्मं इंजिन. हिथं नुसतं मोकळं करून काय हुतंय?"

तरी बसवून दिला. जुना आणि नवा दोन्ही मी आमच्या कारखान्यात सूत तोलायच्या काट्यावर ठेवले, दोन किलोंहून जास्त फरक निघाला. मला वाटलं, एवढ्यातच पैसे वसूल.

पहिल्या दिवशी थ्रॉटल सोडला की फट्‌फट्‌ फुटायला लागलं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या, अण्णानं तोंड वाकडं केलं. वाट मोकळी झाली, हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ. खात्री करायची त्याची रीत अशी: तिसऱ्या गिअरमध्ये ताणून न्यायची, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करायचं आणि प्लग खोलायचा. माझ्या प्लगची चिनी माती खडूसारखी पांढरी निघाली होती. ती दुधाच्या कॉफीच्या रंगाची असायला हवी. बेंड पाईपही इंजिनाजवळ निळा-जांभळा पडला होता.

मेन जेट एक नंबर मोठा टाकला, रंग जरा आला. तरी हळू चालवताना झटके जाईनात. इथं मला एक गोष्ट उशिरा कळली: मेन जेट लागू होतो तो थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावर. चढावर मी पाव थ्रॉटलच्या वर जातच नव्हतो, आणि तिथं पायलट जेटचं राज्य. आमच्या गॅरेजांत त्याला पिलो जेट म्हणतात. तोही एक नंबरनं वाढवला, मिक्श्चर स्क्रू अर्धा फेरा इकडं-तिकडं केला, तेव्हा गाडी शहाण्यासारखी स्लो धरायला लागली. हे सगळं जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, गार सकाळी. ऊन तापायला लागलं तेव्हा तोच प्लग काळपट निघाला. गरम हवा विरळ असते, त्यामुळं थंडीत बरोबर बसलेला जेट उन्हाळ्यात जड पडतो.

चढणीवर मी घरून रांगोळीची पिशवी नेली. टायरमध्ये तीच हवा, तीच वाट, पहिला गिअर, जुना आणि नवा सायलेन्सर प्रत्येकी तीन वेळा. गाडी जिथं थांबेल तिथं रेघ. नव्या सायलेन्सरच्या तिन्ही रेघा जुन्याच्या रेघांच्या खाली पडल्या. वर नव्हे, खाली! मी चौथ्यांदा, पाचव्यांदा नेऊन पाहिली. तेच.

कारण कागदावर आधीपासून होतं, मी नीट वाचलं नव्हतं. या इंजिनाची १८.४ पीएस ताकद ८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांना मिळते, १७.१ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६५०० ला. चढावर माझा काटा ३०००च्या आसपास. अरुंद पाईपमधून जाणारा धूर वेगात असतो आणि आपल्यामागं सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचा नवा भरणा ओढून घेतो. पाईप जाड केला की कमी आरपीएमला तो वेगच मरतो. वरच्या टोकाला फायदा होत असेलही, होटगी रोडवर मला तो जाणवायचा. पण ८००० आरपीएमला दगडांतून चढणारा माणूस मी नव्हे.

तेव्हा अण्णा म्हणाला, "पुढचं चक्कर बदल की. तेरा दात हायत, बारा टाक."

चक्कर म्हणजे चेनचं दातेरी चाक. पुढं १३ दात, मागं ३९, म्हणजे गुणोत्तर बरोबर ३. पुढं १२ केले की ३.२५. मागच्या चाकावरची ओढ जवळपास ८ टक्क्यांनी वाढते, प्रत्येक आरपीएमला, आणि खर्च काही शे रुपयांचा. पुढच्या रविवारी गाडी सगळ्या रेघा ओलांडून गेली. चौथ्या खेपेला वर पोचली. मित्रानं पाण्याची बाटली पुढं केली, एवढंच. फुकट काही नाही म्हणा: अक्कलकोट रोडला ७५ च्या वर इंजिन किरकिरतं, आणि छोट्या चक्करामुळं चेन मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मवरच्या रबराला जास्त घासते.

मधल्या काळात एक मूर्खपणा केला, तोही सांगून टाकतो. हवा मोकळी मिळावी म्हणून एअर फिल्टरच्या डब्याचं नाक, म्हणजे हवा आत घेणारी नळी, काढून टाकलं होतं. पंधरा दिवसांनी कार्ब्युरेटर काढला तेव्हा फिल्टरच्या अलीकडच्या रबरी नळीत बोट फिरवलं. बोटाला काळ्या मातीची पावडर, टाल्कमसारखी मऊ. फिल्टरची कड नीट बसलेली नव्हती आणि वाढलेल्या ओढीनं धूळ बगलेतून आत जात होती. ती थेट पिस्टन रिंगांना पॉलिश पेपरसारखी लागते. त्या रात्री मला झोप लागली नाही. नाक परत लावलं आणि आता फिल्टरच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ देतो.

सायलेन्सर एप्रिलपर्यंत टिकला. आतलं आवाज दाबणारं ग्लासवूल (काचेचा कापूस) जळून झुपक्यानं बाहेर यायला लागलं, आवाज कर्कश झाला आणि एके दिवशी धरणारी पट्टी वेल्डिंगपाशी चिरली. विकणाऱ्याचं उत्तर, 'ऑफ-रोड वापराला वॉरंटी नाही.' ऑफ-रोडचा म्हणूनच विकला होता त्यानं! मलाही एव्हाना त्याची धास्ती वाटू लागली होती. वाळलेलं कुसळी गवत गुडघाभर, आणि आरपार नळकांड्यातून एखादी ठिणगी पडली तर? अमेरिकेत सरकारी जंगलात गाडी न्यायची तर ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची असते. माझ्या सायलेन्सरला ती नव्हती. शहरातलं तर बोलायलाच नको. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि ध्वनी-धुराचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. सात रस्त्याला नाकाबंदी दिसली की मी गल्लीत वळायचो. चाळिशीत हे शोभत नाही.

जुना सायलेन्सर परत चढवला, दोन्ही जेट मूळ नंबरावर आणले. दोन किलो वजन परत आलं, तेवढं मी चहाबरोबरची भजी सोडून भरून काढीन म्हणतो. रांगोळीनं पुन्हा मोजलं: बारा दाती चक्कर आणि कंपनीचा सायलेन्सर, तिन्ही वेळा वर.

स्विंग आर्मवरचं रबर आता निम्मं झिजलंय. अण्णा म्हणतो, पुढं परत तेरा घाल आणि मागं ४२ दाती टाक, ओढ जवळपास तीच राहील आणि चेन इतकी मोडून वळणार नाही. पण त्याला चेन लांब लागते, म्हणजे अख्खा सेटच आला. दिवाळीआधी टॉवेलची ऑर्डर गेली की बघू.