सोलापुरातून रेन टायर घेऊन चेन्नईच्या ट्रॅकवर: माझा अनुभव

मृग लागला की ओळखीतली पोरं हमखास विचारतात, "दादा, रेसवाले रेन टायर गाडीला टाकले तर पावसात गाडी सटकणारच नाही ना?" मी ते टायर विकत घेतले, सोलापुरात बसवून घेतले आणि चेन्नईजवळच्या ट्रॅकवर भर पावसात चालवले. त्यामुळे नीट, सविस्तर उत्तर देतो.

रेसमध्ये कोरड्या ट्रॅकवर जो स्लिक, म्हणजे बिनखाचांचा गुळगुळीत टायर, वापरतात, त्याचं रबर चांगलं तापल्याशिवाय धरत नाही. त्याला वॉर्मर, म्हणजे टायर तापवायचं विजेचं आवरण, लावतात तेच 80 अंशांच्या पुढे. पाण्यात हा टायर गार पडतो, शिवाय खाचा नसल्यामुळे पाण्याला बाजूला जायला वाट राहत नाही. रेन टायरचं रबर बरंच मऊ असतं, त्यात सिलिका भरपूर असते, त्यामुळे गारठ्यातही ते डांबराच्या बारीक खडबडीत जाऊन बसतं. खाचा खोल असतात आणि त्या पाणी बाहेर ढकलतात. याला वॉर्मर लावलाच तर साधारण 40 ते 60 अंशांवर. आता हेच मऊ रबर कोरड्या, तापलेल्या डांबरावर नेलं की खाचांमधले रबराचे उंच उंच ठोकळे वाकायला लागतात, वाकण्यानं आणखी तापतात आणि कडा फाटून तुकडे उडतात. या टायरला पाणी लागतं ते गार राहण्यासाठी. ही एक गोष्ट कळली की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

माझी गाडी केटीएम आरसी 390. कंपनीकडून पुढे 110/70 आणि मागे 150/60 येतो, दोन्ही 17 इंची. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. वर्ल्ड सुपरस्पोर्ट 300 या 2017 साली सुरू झालेल्या रेसच्या वर्गात अशाच गाड्या धावायच्या. तिथली मापं 110/70 आणि 140/70, म्हणून मलाही मागे 140/70च घ्यावा लागला. इथं हिशोब करून घ्या. 150 चे 60 टक्के म्हणजे 90 मिलिमीटर आणि 140 चे 70 टक्के म्हणजे 98. मागची बाजू 8 मिलिमीटरनं उचलली जाते, गाडी वळणात पटकन झुकते आणि चेनजवळ, मडगार्डजवळ जागा कमी होते. टायर बसवल्यावर चाक हातानं पूर्ण फिरवून कुठं घासतंय का ते मी आधी बघितलं.

टायर जुन्यातले होते, एका रेस करणाऱ्या मित्राकडचे. जुने घेताना खाचा किती उरल्यात हे सगळेच बघतात, पण खरी तपासणी तारखेची. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2322 असेल तर 2022 सालचा 23 वा आठवडा. रेन टायर पडून पडून कडक होतो, मग खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी त्याची पकड गेलेली असते. मी नख रोवून बघितलं, रबर दबून परत वर आलं. आणि बाजूला 'नॉट फॉर हायवे यूज' असं स्पष्ट लिहिलेलं होतंच.

रिम मात्र दोन जादा घेतले, डिस्क आणि मागच्या स्प्रॉकेटसकट. टायरपेक्षा खर्च यातच जास्त झाला, पण तो टाळण्यासारखा नाही. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या सर्वात वरच्या जागतिक रेसमध्ये, 2005 पासून पाऊस आला-गेला की रायडर पिटमध्ये येऊन सरळ दुसऱ्या गाडीवर बसतो. आपल्याकडे गाडी एकच, तेव्हा निदान चाकं तरी तयार हवीत. ट्रॅकवर टायर रिमवरून काढत बसलात की पाऊस थांबलेला असतो.

बसवायला अक्कलकोट रोडच्या एका टायरवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांनी पुढचा टायर हातात घेऊन उलटसुलट केला. "हे काय आणलास बे? खोडरबर हाय की!" मग मागच्याशी ताडून बघितला आणि म्हणाले, "पुढचं उलटं बसालंय बघ. नक्षी बघ की." त्यांची नजर बरोबर होती, दोन्ही टायरची नक्षी एकमेकांच्या उलट दिशेला जात होती. ती तशीच असते. मागच्या चाकावर मुख्य ताण गाडी ओढण्याचा, पुढच्यावर ब्रेकचा, आणि हे दोन ताण रबराला विरुद्ध दिशांना ओढतात. मी बाजूचा बाण दाखवला. अण्णांनी बाण बघितला, मान डोलावली आणि रिमला ओरखडा येऊ नये म्हणून कडेला प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून इतक्या निगुतीनं काम केलं की मी बघतच राहिलो. बॅलन्सिंगही त्यांनी स्वतःहून करून दिलं.

मित्रांचा आग्रह होता, एकदा विजापूर रोडला मारून बघ. मी ती चाकं सोलापूरच्या रस्त्यावर लावलीच नाहीत. रस्त्यावरच्या टायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे हे एक कारण. दुसरं कारण आपली हवा. आपण पर्जन्यछायेतले. ढग येतो, अर्धा तास झोडपतो, ऊन पडतं आणि डांबरातून वाफा निघायला लागतात. हैदराबाद रोडवर बोरामणीपर्यंत पोचेस्तोवर चाकाखाली कोरडा रस्ता असतो. तिथं हा टायर स्वतःला खाऊन टाकतो, आणि नेमक्या वळणात ठोकळे वाकले की गाडी हलते.

गाडी रेल्वे पार्सलनं गेली. सोलापूर मुंबई-चेन्नई मार्गावर असल्याचा हा फायदा. पेट्रोल पूर्ण काढायचं, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती द्यायच्या, गोणपाटात गाडी बांधून घ्यायची. जादा चाकं वेगळी बांधली. चेन्नईहून टेम्पोनं श्रीपेरुंबुदुरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. तिथला मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे आधीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक, सुमारे 3.7 किलोमीटरचा आहे.

दुपारनंतर आभाळ फुटलं. चाकं बदलली, चेनचा ताण पुन्हा लावला, मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, कमी केला. पावसात ब्रेक आणि वळण दोन्ही हलके होतात, कडक स्प्रिंग नीट दबतच नाही. हवेच्या बाबतीत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. पावसात हवा कमी करा म्हणतात. साचलेल्या पाण्यात हवा कमी असली तर टायर कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. रेसमध्येही मागच्या रेन टायरला स्लिकपेक्षा जास्त हवा ठेवतात, त्यानं खाचा उघड्या राहतात. मी टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे भरली.

पहिल्या फेरीत अंग आखडलेलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत टायर काय देतोय ते कळायला लागलं, आणि तो अनुभव मी विसरणार नाही. पाण्याचा थर दिसतोय, पुढचा ब्रेक हळूहळू दाबत नेतोय, आणि टायर धरतोय. आणखी दाबला, तरी धरतोय. ब्रेक एकदम ओढायचा नाही, आधी वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग जोर वाढवायचा, एवढं पाळलं की कोरड्यातल्यासारखा विश्वास वाटायला लागतो. कोरड्यातली नेहमीची लाइन, म्हणजे सगळे ज्या वाटेनं वळण घेतात ती, मात्र सोडावी लागते. तिथं रबर घासून घासून डांबर गुळगुळीत झालेलं असतं, पाण्यात ते तेलासारखं होतं. तिच्या बाजूनं, खडबडीत डांबरावरून जायचं. रंगवलेल्या कडांना शिवायचंही नाही. वळणातून निघताना एक गिअर वरचा ठेवायचा, म्हणजे मागचं चाक झटका घेत नाही. हेल्मेटच्या काचेला वाफ न धरणारी आतली पट्टी लावा. ती नसेल तर टायर कितीही चांगला असला तरी वळण दिसणार नाही.

पाऊस थांबल्यावर खरी परीक्षा. ट्रॅकवर एक कोरडी पट्टी उमटायला लागली. वळणात पुढचं चाक काय करतंय त्याचा अंदाज येईना, मागचं वळवळायला लागलं. सरळ रस्त्यावर मी मुद्दाम कडेच्या पाण्यातून जात होतो, टायर गार व्हावेत म्हणून. मोटोजीपीवालेही हेच करतात. 2016 सालच्या, चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मोटोजीपी रेसची मला तेव्हा आठवण झाली. ट्रॅक ओला होता पण वाळत चालला होता, आणि बहुतेकांनी मऊ रेन टायर लावले होते. कॅल क्रचलो या ब्रिटिश रायडरनं पुढे-मागे दोन्ही कडक रेन टायर लावले. सुरुवातीला तो मागं पडला. ट्रॅक वाळत गेला तसे पुढच्यांचे टायर फाटत गेले, आणि हा एकेकाला मागं टाकत जिंकला. 1981 साली बॅरी शीन जिंकला होता, त्यानंतर सर्वात वरच्या वर्गात जिंकलेला हा पहिला ब्रिटिश रायडर.

माझ्याकडे कडक-मऊ अशी निवड नव्हती. पट्टी रुंद झाली तशी मी आत आलो. ठोकळ्यांच्या कडा वळून गोल झाल्या होत्या, पण कुठं फाटलं नव्हतं. कोरडी चाकं लावली आणि पुढच्या सेशनला गेलो.

आता तुळजापूरच्या घाटात किंवा पंढरपूरला जाताना मी रस्त्याचे, सिलिका असलेले स्पोर्ट टूरिंग टायर वापरतो. हवा कंपनीनं सांगितलेली, गार टायरवर मोजलेली. खाचेतली झीज दाखवणारी खूण लागायच्या आधीच टायर बदलतो, गोटा होईपर्यंत थांबत नाही. आणि ट्रॅक्टरनं काळी माती रस्त्यावर आणली असेल, तिथं कोणताही टायर धरत नाही, तिथं वेगच कमी करतो. रेन टायर धुऊन, पुसून, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खालच्या आतल्या खोलीत ठेवलेत. वर पत्र्याच्या खोलीत ठेवले असते तर आपल्या एप्रिल-मेनं ते लाकूड करून टाकले असते. चेन्नईला पुन्हा जायचं ठरलं की आधी नख रोवून बघणार, दबलं तर चाकं बांधायची.